भिकू नावाड्याचे वकील

खेळात आपला माणूस मरू नये म्हणून भांडणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले. तो मेलाच पाहिजे म्हणून भांडणारे एकटे आमचे वकीलसाहेब. ते वकील नव्हते. एका विमा कंपनीत दावे तपासून निवृत्त झाले होते. पण टेबलाशी बसले की चष्मा पुसून नियमांचं बाड उघडायचे. "पान सोळा. अंधारात दिव्याशिवाय पळाल्यास पडाल. मी दिवा घेतलेला नाही. पाडा मला."

नायगावात खाडीकडच्या आमच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि पात्रांचं काय होणार ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगणारा मी. खेळ लिहिलाही मीच आणि पुस्तकरूपाने छापणारही मीच. प्रकाशनसंस्थेचं कार्यालय आमच्या कपाटाच्या खालच्या खणात होतं. माझ्या कार्डावर मात्र 'संस्थापक व प्रमुख संपादक' होतं. हाताखाली कुणी नव्हतं, तरी 'प्रमुख' शोभून दिसत होतं. वॉचमनला एक कार्ड दिलं, तर त्याने पुतण्याच्या नोकरीचं विचारलं.

वकीलसाहेबांचं पात्र म्हणजे भिकू नावाडी. त्याला त्यांनी दोन वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं. भिकू कधी आधी हत्यार काढत नसे. राक्षस समोर आला की विचारायचा, "आपण मूळचे कुठले?" मी तासन्‌तास खपून रचलेले राक्षस मग गावगप्पा करत बसायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी पडलं की हे भिकूच्या आवाजात सांगतात. आता मी भांडायचं तरी कुणाशी?"

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात खाडीतला भोवरा होता. माझ्या मते ते माझ्या प्रतिभेचं शिखर. नियम असा, की दोन्ही फाशांवर सहा पडले तरच नाव सुटेल. फासे मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकत असे. तो गोष्ट सांगणाऱ्याचा मान. आजवर जो भोवऱ्यात सापडला तो सुटला, कारण फासे काहीही म्हणोत, मी दर वेळी "दोन्ही सहा!" असं जाहीर करायचो. याला मी कथेची जाण म्हणत असे.

पुस्तक छापखान्यात जाण्याआधीच्या रविवारी भिकूची नाव त्या भोवऱ्यात सापडली. मी फासे टाकले आणि ओरडलो, "दोन्ही सहा! सुटला!"

वकीलसाहेब चष्मा पुसू लागले. "लेखक, या भोवऱ्यात आजवर एकही माणूस बुडालेला नाही. जन्मभर दावे तपासले, पण इतकं पुण्यवान पाणी पाहिलं नाही. जरा तो पुठ्ठा उचला."

पुठ्ठ्यामागे एका फाशावर दोन होते, दुसऱ्यावर चार.

आमच्यात खेळणाऱ्या, जवळच्या उमेळे गावच्या ग्लोरिया टीचर सगळ्यांना घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी वाटत होत्या. "अहो वकील, मरायची एवढी घाई काय? बसा गप, सुकेळं खा."

"भिकू वाचला," मी म्हणालो. "मी लेखक आहे. माझा शब्द अखेरचा."

"इथे अखेरचा. पण हे पुस्तक ज्यांच्या घरी जाईल, तिथे तुम्ही जाणार का, दर भोवऱ्याला खोटं बोलायला? तिथे सगळे बुडतील. आणि वर मुखपृष्ठावर छापताय, 'खेळून पारखलेला'. आम्ही पुस्तक पारखलंच नाही हो. तुमचा चांगुलपणा पारखला. तो काही पुस्तकाबरोबर येत नाही."

माझ्या चांगुलपणावर इतकी कडक टीका तोवर कुणी केली नव्हती.

त्यांनी भिकूचा कागद पुढे ओढला. पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मग नावावर आडवी रेघ मारली आणि सुकेळं तसंच ठेवून घरी गेले. वहिनी नंतर म्हणाल्या, त्या आठवड्यात भाजी दोनदा अळणी झाली. कुणी काही बोललं नाही.

पुस्तक थांबवलं. आगाऊ नोंदणी केलेल्यांना कळवण्यासाठी मी 'निर्मितीच्या वेदना' या विषयावर दोन पानी मजकूर लिहिला. वकीलसाहेबांनी त्यातलं एवढंच ठेवलं: 'नियम चुकला आहे. दुरुस्त करत आहोत. थांबायचं नसेल तर पैसे परत.' पहिला फोन माझ्या सख्ख्या मेहुण्याचा आला. तो थांबणार नव्हता.

नव्या नियमात दोन्ही फासे मिळून सहा झाले तरी नाव सुटत होती. मी आनंदाने त्यांच्याकडे धावलो. "वकीलसाहेब, भिकू सुटला! दोन आणि चार, सहा!"

त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. 'बदललेला नियम आधीच्या मरणांना लागू नाही.'

"हे वाक्य तर तुम्हीच घालायला लावलंत!"

"मग पहिल्यांदा मलाच नको का लागू व्हायला?"

पुढे ते लेकीकडे नाशिकला राहायला गेले. जाताना पूर्ण किंमत देऊन एक प्रत नेली. लेखकाची भेट म्हणून घ्यायला तयार होईनात. आता मी फासे उघड्यावर टाकतो. आमच्याकडे माणसं पूर्वीपेक्षा जास्त मरतात आणि ग्लोरिया टीचर दर वेळी माझ्याकडे असं बघतात, जणू मीच बुडवलं.

परवा वकीलसाहेबांचा फोन आला. तिथे चार खेळाडू जमवलेत म्हणे. नवं पात्र म्हणजे भिकूचा धाकटा भाऊ.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"गेला काल. तुमच्याच भोवऱ्यात." आवाजात मला ओळखीचं समाधान ऐकू आलं. "लेखक, अभिनंदन. तुम्ही नव्हतात, तरी व्यवस्थित मेलो."