दोन सीटांची हिरवी गाडी

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मी यांच्या शेजारी कधी बसले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं, रीतच तशी होती. सेलूत कुठं जायचं म्हटलं की टांगा. हे पुढे टांगेवाल्याजवळ बसायचे, मी आणि सासूबाई मागे, तोंड उलट दिशेला करून. यांना पुढचा रस्ता दिसायचा, आम्हाला गेलेला. एसटीत बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. सिनेमाला गेलो तरी मधल्या खुर्चीवर सासूबाई, आणि चित्र समजलं नाही की त्या दोन्हीकडे तोंड वळवून आळीपाळीनं विचारायच्या. याचं मला वाईट वाटतं असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी चट्कन नाही म्हणाले असते. आता सांगायला हरकत नाही. फार वाटायचं.

हे विहिरीवरच्या इंजिनांचे व्यापारी. बोरीपासून जिंतूरपर्यंत कुठल्या मळ्यात कुठलं इंजिन फटफटतंय ते यांना आवाजावरून सांगता यायचं. माणूस शांत, हिशेबी, कपड्यांचासुद्धा शौक नाही. पण एक खूळ होतं. निजामाच्या राज्यात हे हैदराबादला कॉलेजात शिकले. तिथं कुण्या नवाबाची एक विलायती मोटार रोज यांच्या वसतिगृहासमोरून जायची. लांब नाक, तारांची चाकं, वर टप नाही, आत दोनच माणसं. नवाब गेले, राज्य गेलं, मोटार मात्र यांच्या डोक्यात तशीच उभी राहिली. एका जुन्या इंग्रजी मासिकातून तसल्याच मोटारीचं चित्र कापून यांनी दुकानात काचेखाली ठेवलं होतं. गिऱ्हाईक हिशेब करताना त्याच्यावरच कोपर टेकायचं.

मोठा दुष्काळ सरला, पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली, इंजिनं खपली. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "एक गाडी बघावी म्हणतो."

सासूबाईंनी विचारलं, "जीप का?"

"नाही. ती."

ती म्हणजे कोणती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण खरी विलायती मोटार आणायची कुठून? एखादी असलीच तर तिचे सुटे भाग इथं कोण देणार? तेव्हा काही कारागीर लोक जुन्या देशी गाडीची वरची पत्र्याची बॉडी काढून टाकायचे आणि विलायती मोटारीच्या आकाराची नवी चढवून द्यायचे. वरून साहेब, आतून आपला टॅक्सीवाला. यांनी चौकशी केली तर दोन ठिकाणी अशा नकला तयार होत्या. एक परभणीत, एक हैदराबादला.

परभणीला आम्ही तिघं गेलो. तिथला मिस्त्री ट्रकच्या बॉड्या बांधायचा. त्यानं जुन्या जीपच्या सांगाड्यावर गाडी उभी केली होती. समोरून पाहिली तर चित्रातल्यासारखी दिसायची, यांचे डोळे लकाकलेसुद्धा. मग आम्ही बाजूला गेलो. मागे त्यानं लांबलचक बाकडं ठोकलं होतं, त्याच्यावर लोखंडी टप आणि टपावर कॅरिअर. वर चढायला शिडी.

"हे काय?" यांनी विचारलं.

"मग मान्सं कुटं बसायची साहेब?" मिस्त्री म्हणाला. "नुस्ती दोन मान्सं घिऊन कोन गाडी चालवतंय? वर दोन पोती बी जात्यात बघा."

सासूबाई केव्हाच बाकड्यावर चढून बसल्या होत्या. "ही लय बेस हाय," त्या म्हणाल्या. "पाय लांब करता येत्यात." पुढच्या सीटवर बसून हे चाक धरून उगीच इकडेतिकडे फिरवत होते. मी मागे सासूबाईंजवळ बसले, आणि माझ्या लक्षात आलं की ही टांग्याचीच बहीण आहे, फरक एवढाच की तोंड पुढे. यांच्या डोक्याची मागची बाजू मला दिसत होती. केस पातळ व्हायला लागले होते.

हैदराबादला आम्ही दोघंच गेलो. सासूबाईंना रेल्वेचा धूर सोसायचा नाही म्हणून त्या घरी राहिल्या, पण निघताना बजावून सांगितलं, "परभनीचीच घ्या. तिकडची नुस्ती बघून या."

तिथला कारागीर पांढऱ्या दाढीचा, तोंडात सदा पान. त्यानं मेणकापड ओढलं आणि हे जागच्या जागी उभेच राहिले. गडद हिरवी गाडी, लांब नाक, बुटकी दारं, नाकावरून चामडी पट्टा आवळलेला. यांनी खिशातून चित्र काढलं, काचेखालून खास काढून आणलं होतं, आणि एकदा चित्राकडे एकदा गाडीकडे बघत गाडीभोवती फिरले. बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवून पाहिला. मग चुका काढायला लागले. तारांची चाकं नाहीत, साध्या चाकांवर तारांच्या झाकण्या. समोरच्या फळीवर घड्याळासारख्या पाच तबकड्या, त्यातली एकच चालू, बाकीच्यांचे काटे रंगवलेले. उजवं दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही.

"नकल वो नकल," हे शेवटी खिन्न होऊन म्हणाले.

म्हातारा अजिबात चिडला नाही. "नकल नक्को बोलो साब. असली इत्ती अच्छी चलती बी नई. असली खराब हुई तो विलायत जाना पडता, ये खराब हुई तो टॅक्सीवाले के पास जाओ." मग माझ्याकडे वळला. "बैठो बेगम साब, बैठके तो देखो."

मी बसले. दुसरीकडून हे बसले. ती गाडी इतकी अरुंद होती की यांचा दंड माझ्या दंडाला लागला. भर दुपारी, परक्या गावात, चार माणसांसमोर. मागे वळून पाहिलं तर मागे काहीच नव्हतं, मुलं कशीबशी मावतील एवढी पोकळी आणि मग भिंत. मला घाम फुटला आणि आनंदही झाला.

हे मला म्हणाले, "आपल्या मायला परभणीची आवडली. सोयीची तीच आहे. ही म्हणजे नुसता शौक. तुला काय वाटतं?"

कपाशीच्या भावापासून मुलीच्या शाळेपर्यंत या माणसानं मला कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं ते इथं. मी क्षणभरही थांबले नाही. "हीच घ्या," म्हणाले. "परभणीची काय, पोती वाहायला आहे."

मेणकापड, झाकण्या, रंगवलेले काटे यांतलं मला काही कळत नव्हतं. माझा हिशेब अगदी सोपा होता. दोन सीटा. एक यांची, मग दुसरी कुणाची?

गाडी सेलूला आली त्या दिवशी सगळी पेठ दारात लोटली. जिनिंगमधली माणसं काम सोडून आली. गाडी इतकी बुटकी की बैलगाडीवाले वरून खाली बघून यांना रामराम घालत होते. नारळ फुटला. मी आत जाऊन चांगलं लुगडं नेसून, वेणी घालून बाहेर आले. पाहते तर दुसऱ्या सीटवर सासूबाई बसलेल्या. पदर दातात धरलेला, हात मांडीवर, आणि चेहरा असा की गाडी त्यांच्यासाठीच विलायतेहून आली आहे.

घरात वडीलधारं माणूस असताना पुढची जागा त्याचीच, हे मला काय ठाऊक नव्हतं? लहानपणापासून पाहत आले होते. पण हैदराबादच्या त्या दुपारी मी ते साफ विसरले होते. परभणीची घेतली असती तर निदान मागच्या बाकड्यावर तरी बसले असते. आता तर मी रस्त्यावर.

पुढचं वर्षभर हेच चाललं. सोमवारी महादेवाला सासूबाई गाडीतून, दवाखान्यात गाडीतून, चार घरं टाकून राहणाऱ्या नणंदेकडेसुद्धा गाडीतून. परभणीची गाडी आठवणीतसुद्धा राहिली नाही त्यांच्या. "लय मऊ हाय गं," मला सांगायच्या. मी भाजीची पिशवी घेऊन चालत असायचे आणि मागून ओळखीचा भोंगा वाजायचा. हे ओशाळं हसायचे, सासूबाई देवळातल्या मूर्तीसारखा हात वर करायच्या, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गाडी पुसायला मात्र मला मुभा होती. पुसून झाली की मी थोडा वेळ दुसऱ्या सीटवर बसून घ्यायचे. चाकामागे कुणी नसायचं. एकदा सासूबाई शेण काढणाऱ्या बाईला हाक मारत तिकडे आल्या आणि मला तसं बसलेलं त्यांनी पाहिलं. मी फडकं झटकत उतरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या भाच्याचं लग्न जिंतूरला निघालं. मुलं दिरांबरोबर आदल्या दिवशीच गेली होती. सासूबाई गाडीनं आणि मी एसटीनं, हे कुणी ठरवलं नव्हतं, ठरवायची गरजच नव्हती. सकाळी मी पिशवी भरून तयार राहिले. तर सासूबाई माझ्याआधी बाहेर पडल्या आणि दारात टांगा उभा.

"आत्याबाई, टांगा कशाला?"

"मी यष्टीनं जाते," त्या म्हणाल्या. "त्या गाडीत लय वारं लागतंय. कान दुखायलेत माझे."

वर्षभरात त्यांच्या कानाबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता. हे म्हणाले, "कापूस घाल की माय कानात." पण त्या टांग्यात चढल्यासुद्धा, तोंड उलट दिशेला करून. टांगा निघाला तरी माझ्याकडेच बघत होत्या.

मी दुसऱ्या सीटवर बसले. उजवं दार यांनी जोरात ओढून लावलं. पेठेतून जाताना माझी मान वर होईना, पण मला सगळं दिसत होतं, पुढचं.

गाव सुटून थोडं पुढे गेलो असू, तर समोर सासूबाईंची एसटी. कच्चा रस्ता, ही धूळ. मला वाटलं, आता हे भोंगा वाजवतील आणि पुढे काढतील. छे. एसटी हळू झाली की हेही हळू. धूळ थेट आमच्या डोक्यावर येत होती, टप तर नव्हताच. माझी वेणी, लुगडं, पापण्या, सगळं पांढरं झालं.

"अहो, काढा ना पुढे."

"माय आहे आत."

"मग?"

"तिच्या तोंडावर धूळ उडवत पुढे जाऊ?"

नवाबाचं स्वप्न पाहणारा हा माणूस आपली हिरवी गाडी एसटीच्या मागे वासरासारखी चालवत होता. मी आधी मनातल्या मनात खूप चिडले, मग मला हसू यायला लागलं, मग डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं असं मी यांना सांगितलं.

एका फाट्यावर एसटी थांबली. एक धनगर दोन करडं घेऊन चढत होता, कंडक्टर त्याच्याशी हुज्जत घालत होता. आम्ही मागे उभे. तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं, पदर सुटलेला.

"आरं, कवाची बघायले मी! काऊन माझ्या मागं मागं यायलास?"

"तू पुढं हायस म्हणून माय."

"मी काय वाट चुकायलेय का यष्टीत बसून?" मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळी एसटी त्या बाजूच्या खिडक्यांना लोटली होती. "आन् तू गं! म्या जागा सोडली ती काय धूळ खायला? त्याला न्हाई कळत. तू सांग त्याला, घाल म्हनावं गाडी पुढं."

एवढ्या माणसांच्या देखत मी यांना कधी काही सांगितलं नव्हतं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि यांच्याकडे वळून म्हणाले, "चला पुढे."