घाटीच्या वळणावरचा झटका

आमच्या वाडीतून वर डांबरी रस्त्याला लागायचं तर घाटी चढावी लागते. घाटी म्हणजे कातळ फोडून केलेला, एका गाडीपुरता चढ. मधे एक वळण आहे. तिथे पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याच वेगाने जावं लागतं. त्या वळणावर माझ्या मोटरसायकलने आईला पाडलं. मी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जराशी सोडली आणि पुन्हा पिळली, एवढंच. गाडी आधी अडली, मग पुढे उसळली, आणि मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली आई कातळावर बसली. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं.

"मी या गाडीवर परत बसत नाय," उठता उठताच ती म्हणाली.

मनगट बघायला संगमेश्वरहून मामा आला. त्याने आधी मनगट बघितलं आणि मग गाडी.

"तुला सांगत होतो ना? मुलीला स्कूटर बरी. ही विकून टाक. माझ्या ओळखीत एक जण गाडी शोधतोच आहे. येत्या रविवारी घेऊन येतो त्याला."

"मला विकायची नाही."

"कागद कोणाच्या नावावर आहेत?"

कागद आईच्या नावावर होते. मी गाडी घेतली तेव्हा माझी नोकरी पक्की नव्हती, म्हणून सगळं तिच्या नावाने केलं होतं. आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे निम्मा होकार असतो.

माझी शाळा घरापासून तेवीस किलोमीटरवर आहे. मी तिथे विज्ञान शिकवते. सकाळची एसटी पोचते तेव्हा पहिला तास संपत आलेला असतो. स्कूटर मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी काय करायचं, हे मामाने विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला स्कूटर नकोच होती. ही जुनी गाडी मी स्वतः शोधून, चालवून बघून घेतली होती. तिच्यात एक दोष होता. दोष आहे म्हणून गाडी सोडायची, हे मला पटत नव्हतं.

दोष काय होता ते मी शोधत होतेच. मूठ किती फिरवली हे इंजिनाच्या संगणकाला कळवणारा एक छोटा सेन्सर असतो. मूठ पूर्ण बंद असताना त्याने एक ठरावीक व्होल्टेज दाखवायचं असतं. ते कमी झालं, की मूठ थोडी उघडली तरी संगणकाला ती बंदच वाटते. तो पेट्रोल तोडतो, आणि मूठ आणखी उघडली की एकदम देतो. वेगात असताना हे जाणवत नाही. घाटीच्या वळणावर जाणवतं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना मी हे सांगितलं. ते नळीत फुंकर मारत होते.

"सेन्सरला हात लावायचा नसतो, बाय. तो कंपनीतून बसवून येतो."

"कंपनीत पण माणसंच बसवतात ना काका?"

"त्यांच्याकडे मशीन असतं."

"माझ्याकडे मल्टिमीटर आहे."

ते हसले. "मास्तरीणबाई, फळ्यावर खडूने गाडी दुरुस्त होत नाय." पण मी निघताना चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचा पाना त्यांनी स्वतःच काढून दिला. "परत आण. आणि बिघडवलंस तर माझ्याकडे रडत यायचं नाय."

मल्टिमीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला होता. मुख्याध्यापिकांना विचारून, रजिस्टरमध्ये नोंद करून मी तो घरी आणला. मी स्वतः शिकले त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. मीटर एकच, आणि आम्ही चाळीस मुलं. तरी सरांनी प्रत्येकाच्या हातात तो दिला होता. हात लावण्याआधी मीटरवर आहे तो आकडा लिहून ठेवा, एवढं ते पुन्हा पुन्हा सांगत. माझ्या पदवीतलं बरंच मी विसरले असेन, पण हे विसरले नाही. त्या सरांचे उपकार मी मानते.

शनिवारी दुपारी मी घरापुढच्या खळ्यात बसले. सेन्सरवर आणि त्याच्या खालच्या भागावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली, म्हणजे तो मूळ कुठे होता हे कळावं. मधल्या वायरीला मागून टाचणी लावली, टाचणीला मीटर जोडला, चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं. मीटरवर ०.५२ आलं. गाडीच्या पुस्तिकेत ०.६० होतं. मी आकडा वहीत लिहिला.

तेवढ्यात आई बाहेर आली. माझे काळे झालेले हात बघून तिथेच थांबली. आई एकवीस वर्षं काजूच्या कारखान्यात होती. टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची. ती बोटं अजून पूर्ण निवळलेली नाहीत.

"माझे हात जळले ते तुझे नीट राहावेत म्हणून," ती म्हणाली. "एवढं शिकलीस ती हे करायला?"

मला वाईट वाटलं, पण मी उठले नाही. "शिकले म्हणूनच करतेय, आये. नाहीतर मामा म्हणतो तसं विकून मोकळी झाले असते."

"तोंड बघ किती चालतंय," म्हणून ती आत गेली.

मी दोन्ही स्क्रू सैल केले. सेन्सर केसभर फिरवला, की आकडा बदलायचा. ०.५५, ०.६३, मग ०.५८. स्क्रू आवळताना तो पुन्हा सरकायचा. अर्ध्या तासाने ०.६० वर बसला. मी गाडी काढली आणि घाटीला लागले. वळणावर झटका पूर्वीसारखाच बसला, वर इंजिनही बंद पडलं. शेजारच्या काकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरत होत्या. "झाली का गो दुरुस्त?" त्यांनी विचारलं. त्या मनापासून विचारत होत्या की टोमणा होता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

गाडी हाताने ढकलत खाली आणली आणि पुन्हा टाचणी लावली. खळ्याच्या मधोमध, सरळ उभ्या गाडीवर आकडा ०.५४ होता. स्क्रू तर घट्ट होते. मी हँडल डावीकडे वळवलं. आकडा ०.६० झाला. सरळ केलं. पुन्हा ०.५४.

तेव्हा माझी चूक मला दिसली. आमचं खळं उतरतं आहे. गाडी घरंगळू नये म्हणून आमच्याकडे सगळेच हँडल पूर्ण वळवून पुढचं चाक चिऱ्याला टेकवतात. मीही तशीच टेकवली होती, आणि तशीच मोजली होती. मुठीची केबल इतकी ताणलेली होती, की हँडल वळलं की मूठ बंद असतानाही ती आतली झडप थोडी उघडायची. बंद समजून मी जो आकडा लावला, तो बंदचा नव्हताच.

मला स्वतःचा राग आला. पण त्यात एक आनंदही होता, कारण आता कारण सापडलं होतं. केबलला थोडी ढील दिली. गाडी ओट्याजवळच्या सपाट जागेवर नेली, हँडल सरळ ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. ०.६०. हँडल डावीकडे, उजवीकडे. आकडा हलला नाही. घाटी मी एकटीने चार वेळा चढले-उतरले. पाचव्यांदा वळणावर मुद्दाम मूठ सोडून पुन्हा पिळली. गाडी नुसती चालत राहिली.

रविवारी मामा त्या माणसाला घेऊन आला. मामाने मला विचारलंही नाही, चावी त्याच्या हातात दिली. तो वर जाऊन आला आणि खूश होऊन उतरला.

"झटका कुठे देते? लोण्यासारखी चालते की! मी आजच नेतो."

दुरुस्त करून मी गाडी त्याच्या आणखी मनात भरवली होती. मामा म्हणाला, "बघ, ठरलं. ताई, सही कर."

"नाही," मी म्हणाले. "मामा, तू मोठा आहेस. तुझ्याबद्दल आदर आहे. पण गाडी माझी आहे आणि मी ती देणार नाही. आये, तूही सही करू नकोस."

मोठ्यांसमोर मी एवढ्या आवाजात पहिल्यांदाच बोलले. आई आत गेली. मला वाटलं, कागद आणायला गेली. ती चपला घालून, पदर खोचून बाहेर आली.

"मला वरच्या वाडीत जायचं हाय," ती म्हणाली. "ने."

"ताई, तो माणूस खोळंबलाय," मामा म्हणाला.

"मग त्याला चहा दे."

ती मागे बसली. चांगल्या हाताने तिने माझा खांदा इतका आवळला की बोटं रुतली. मी पहिल्या गिअरमध्ये निघाले. वळण आलं तशी मूठ हळूच सोडली, हळूच दिली. गाडी चढली. आईचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. वळण मागे पडलं तरी तिने हात सैल केला नाही.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मी वरच्या वाडीकडे वळू लागले, तशी ती म्हणाली, "थांब. तिकडे काय काम नाय माझं. मागे फिरव."

"का?"

"चढताना बरी चालली. उतरताना बघू. मग त्या दोघांना काय ते मी सांगतंय."

मी गाडी वळवली.