खोली नंबर चारची बाटली

उरलेल्या सॉसचं काय करायचं, हे मला कुणीही विचारावं. शेजवान चटणी बाटलीच्या तळाशी चमचाभर राहिली, की ती धपाट्याच्या पिठात मळावी. लसूण-मिरची तिच्यात असतेच, वरून फक्त तीळ आणि कोथिंबीर लागते. टोमॅटो सॉस आंबट वरणात घातला तर चिंच आणि गूळ दोन्ही वाचतात. सोया सॉस काळ्या मसाल्याच्या वांग्यात चार थेंब, पण मीठ आधी घालायचं नाही, नाहीतर जेवणारा पाण्याच्या तांब्याकडे धावतो. मेयोनीज म्हणजे शेवटी तेलच, कणकेत मोहन म्हणून चालतं. बाटली अगदीच रिकामी झाली, तर ती कोमट पाण्यानं खळबळून ते पाणी सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, करताना भिजवलेल्या चुरमुऱ्यांवर शिंपडावं.

हे सगळं मी लातूरला शिकले. आमचं गाव हदगाव तालुक्यात. घरी कापूस, सोयाबीन आणि दोन म्हशी. तिथे सॉस कोण खातं? पण आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. आधी आम्हाला वाटलं, मग तिला वाटलं, आणि पुढे पुढे आधी कुणाला वाटलं होतं ते कुणालाच आठवेना. बारावीला ती लातूरच्या क्लासला, होस्टेलवर राहिली. मेडिकलला नंबर लागला नाही. मग ती रिपीटर झाली. मी म्हशी आणि नवरा दोन्ही सासूबाईंच्या गळ्यात टाकले आणि तिच्यासोबत खोली करून राहायला आले.

दुसऱ्या मजल्यावर ओळीनं आठ खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक आई आणि एक लेकरू. आम्हा बायांना तिथे नावं नव्हती. मी हदगाववाली, चार नंबरची देगलूरवाली. लेकरांना नावं होती, पण त्याआधी मार्क विचारले जायचे.

गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक फ्रिज होता. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक डब्यावर आणि बाटलीवर पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर खोलीचा नंबर. निकालानंतर खोली सोडणारी बाई उरलेल्या बाटल्यांच्या पट्ट्या काढायची आणि त्या फ्रिजच्या दारात ठेवून जायची. कुणीही घ्या, असा त्याचा अर्थ. ज्याचा नंबर लागला त्याच्या बाटल्या तासाभरात गायब व्हायच्या. तान्ह्या बाळाला दुसऱ्याच्या धडधाकट लेकराचं जुनं झबलं घालतात ना, तसंच. वस्तू लाभते म्हणतात.

ज्याचा लागला नाही, त्याच्या बाटल्यांना कुणी हात लावत नसे. मी राहायला आले तेव्हा लोह्याच्या एका बाईची हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली दारात उभी होती. जेमतेम दोनदा वापरलेली. तिचा मुलगा तिसऱ्यांदा राहिला होता. मी बाटली उचलणार, इतक्यात देगलूरवालीनं डोळ्यांनीच नको म्हटलं. मीही लगेच हात मागे घेतला. पंधरा दिवसांनी मालकिणीनं ती कचऱ्यात टाकली आणि आम्ही सगळ्या बघत होतो.

तेव्हा माझी खरी काळजी वेगळीच होती. माझी पोर जेवत नव्हती. सकाळी अर्धी भाकरी, तीही पुस्तकात डोकं घालून. रात्री भात चिवडून ताट सरकवायची. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. एकदा मी रागानं म्हटलं, "असं उपाशी राहून कुठं डोकं चालतं का गं?"

"मला गिळवत न्हाई आई," ती म्हणाली. "सगळं कोरडं कोरडं लागून राहिलं."

एका रविवारी तिनं मैत्रिणीकडून आलेल्या सॉसच्या पुड्या भाकरीवर पिळल्या आणि अख्खी भाकरी खाल्ली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकात सॉस शिरला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येसर घालायचं सोडून काय शिशीतलं घालून राहिलीस माय?" त्यांनी धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं येसर दर महिन्याला कुणाबरोबर तरी यायचं. ते बरणीत तसंच पडून राहायचं.

रिपीटरच्या पहिल्या वर्षीचा निकाल लागला. आमचा नंबर नाही. देगलूरवालीच्या मुलीचा लागला, तोही सरकारी कॉलेजात. ती पोर आणि माझी पोर एकाच बाकावर बसायच्या, एकाच वहीतून पाठ करायच्या. देगलूरवाली पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला मिठी मारली आणि मनातल्या मनात जळून खाक झाले. हे खोटं कशाला लिहू?

खोली सोडताना तिनं बाटल्या फ्रिजबाहेर काढल्या. टोमॅटो सॉस आणि शेजवान चटणी. ती पट्ट्या सोलणार होती. मी तिचा हात धरला.

"ताई, टोमॅटोची मला द्या. पट्टी काढू नका."

तिला समजलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाटली तशीच माझ्या हातात दिली. पट्टीवर तिच्या मुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, खोली नंबर चार. आमचा नंबर सात होता.

त्या वर्षी मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. ती बाटली मी संपूच दिली नाही. तळाला दोन बोटं सॉस राहिला की दुकानातून नवी आणायची आणि तिच्यात ओतायची. विरजणासारखं. जुन्यातलं थोडं नव्यात राहायला हवं. कधी आंबट वरणात, कधी पिठल्यात, कधी नुसता पोळीच्या कडेला. पोर खात होती. महिन्याभरात तिचा चेहरा जरा भरला. परीक्षेच्या सरावात मार्क मात्र होते तिथेच घुटमळत राहिले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी काचेची होती.

परीक्षेला महिना उरला असताना तिनं स्वतःच फ्रिजमधून बाटली काढली. एरवी मीच वाटीत सॉस काढून आणायचे. ती दारात उभी राहून पट्टी वाचत होती.

"ही चार नंबरची हाय. अजून कशी उरली?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या वेळी सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. विरजणाचंही. मला वाटलं ती हसेल.

तिनं बाटली कट्ट्यावर ठेवली. "म्हणजे वर्षभर मी तिचं उष्टं खाल्लं?"

"उष्टं कशाचं गं? लाभाचं असतं म्हणून..."

"तुला बी वाटतं ना," ती म्हणाली, "की माझ्या डोक्यानं न्हाई लागायचा?"

मी म्हणायला हवं होतं, तसं काही नाही बाळा. पण ती बोलली ते खरं होतं. पहिल्या दोन निकालांनंतर माझा विश्वास उडाला होता. तो केव्हा उडाला ते मलाही कळलं नव्हतं. मी स्वयंपाक करत होते, डबा भरत होते, देवाला दिवा लावत होते, आणि हिच्यानं होणार नाही हे आतून धरूनच चालले होते. ते तिला माझ्या बाटलीत दिसलं.

तिनं नखानं पट्टी सोलून काढली. काचेवर चिकाचा चौकोन राहिला. त्यानंतर ती सॉसशिवाय जेवायला लागली, म्हणजे पुन्हा अर्धी भाकरी. परीक्षेच्या दिवशी दही-साखर तेवढी माझ्या हातून घेतली.

निकाल काय लागणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. लागला तेव्हा तिनं मोबाईल उपडा ठेवला आणि धुणं भिजवायला घेतलं. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझंच चुकलं, महिना राहिला असताना तुझं मन मोडलं.

"बाटलीनं काय होतंय आई," ती कपडे चोळत म्हणाली. "मलाच येत न्हाई ते. लई दिवसापासून माहीत हाय मला."

तिनं रडावं, भांडावं असं मला वाटत होतं. ती साबण लावत राहिली.

खोली सोडायच्या दिवशी मुखेडची एक बाई नव्यानं राहायला आली होती. मुलगी बारावी झालेली, पहिल्यांदाच रिपीटर. बाईच्या चेहऱ्यावर दोन वर्षांपूर्वीची मी होते. मी आमच्या बाटल्या फ्रिजच्या दारात लावून ठेवल्या, ती टोमॅटो सॉसचीही त्यांत होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. माझी पोर पलीकडे पिशव्या बांधत होती. मुखेडची बाई आली, दार उघडलं आणि नेमकी तीच बाटली उचलली.

"ताई, ही कुणाची हाय वो?"

तिनं का विचारलं ते मला पक्कं ठाऊक होतं. खोली नंबर चारची, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोटंही झालं नसतं. त्या बाईनं ती पदराखाली धरून नेली असती, तिच्या पोरीला वर्षभर पुरवली असती. माझ्या पोरीचे पिशवीची गाठ मारणारे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"आमचीच हाय," मी म्हटलं.

"नंबर कुठं लागला मग?"

"न्हाई लागला. तिसरं वर्ष होतं."

"असू द्या, असू द्या," ती घाईनं म्हणाली. बाटली जागेवर ठेवली आणि नकळत हात पदराला पुसला. मला तिचा राग आला नाही. लोह्याच्या बाईच्या बाटलीवरून मीही असाच हात मागे घेतला होता, आणि ती बाई तेव्हा कुठे असेल हे मनातही आलं नव्हतं.

पोर उठली. फ्रिज उघडून तिनं ती बाटली काढली, टॉवेलात गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. नांदेडपर्यंत आणि पुढे हदगावच्या बसमध्येही पिशवी तिच्याच मांडीवर होती.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यातलं आंबट वरण केलं. नवऱ्यानं दोनदा वाढून घेतलं, सासूबाईंनी नाक मुरडलं. पोरीनं दोन भाकऱ्या कुस्करून खाल्ल्या. आता ती रोज दोन भाकऱ्या खाते. येसराची आमटी केली तरी खाते, मीठ विसरलं तरी खाते. तिनं पोटभर जेवावं म्हणून मी दोन वर्षं काय काय केलं होतं.

"कसं झालंय गं?" मी रोज विचारते.

"बरं हाय," ती म्हणते, आणि ताट धुवून पालथं घालते.