घाटावरचे पोलीस ठाणे

ती घटना आठवली की आरोपीच्या आधी मला एक खुर्ची आठवते.

तो नव्या वाहिन्यांचा काळ होता. हडपसरच्या उसात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि संध्याकाळी सगळे पुणे मालिकांपुढे बसत होते. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. एके सकाळी खडकीतले एक कामगार आले. त्यांची सतरा वर्षांची मुलगी आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. मुलगी अल्पवयीन, म्हणून आम्ही अपहरणाचा गुन्हा नोंदवला. वडील एकच वाक्य घोळवत होते, "साहेब, ती न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही."

बापाला माहीत असलेली मुलगी आणि मैत्रिणीला माहीत असलेली मुलगी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. मी मैत्रिणीला बोलावले. थोडा वेळ "मला खरंच माहीत नाही काका" झाल्यावर ती म्हणाली, "तिला सिरीयलमध्ये रोल मिळणार होता. सिरीयलला कलाकार पुरवणारा एक कोऑर्डिनेटर भेटला होता. कृष्णेकाठी शूटिंग चालतं ना, तिथे नेणार होता."

आम्ही लगेच जीप काढली. कात्रज ओलांडून, पुढे कृष्णाकाठचे ते जुने गाव. दगडी घाट, देवळे, संथ पाणी. पूर्वी लोक तिथे पाप धुवायला येत. आता नायिका कुठे रडली ते पाहायला येतात. गावातला वाटाड्या देऊळ कोणी बांधले ते सांगत नव्हता, नायिका घसरून पडली ती पायरी मात्र हात लावून दाखवत होता.

घाटावरच मालिकेचे 'पोलीस ठाणे' होते. ताजा रंग, चकचकीत पाटी, टेबलावर फुलदाणी. आत तीन तारे लावलेला निरीक्षक बसला होता. माझ्या हवालदाराने टाच जुळवून त्याला कडक सलाम ठोकला. त्याने उठून त्याहून कडक परत केला.

"अहो, नट आहेत ते," मी म्हणालो.

"साहेब, तारे दिसले की हात आपोआप जातो."

शूटिंगच्या व्यवस्थापकाने तो कोऑर्डिनेटर लगेच दाखवला. मेकअपच्या खोलीमागे त्याची चौकशी केली. गडी पक्का होता.

"आली होती साहेब. ऑडिशन झाली, जमलं नाही. मीच एसटीत बसवलं तिला. खिडकीजवळची जागा मिळाली, खूश होती पोरगी."

"तुम्ही मुक्कामाला कुठे उतरलात?"

"आम्ही कलाकार माणसं. सेटवरच झोपतो."

खरे बोलणारा माणूस आठवायला वेळ घेतो. याला खिडकी तत्काळ आठवली होती. मुलगी गावातच आहे याची मला खात्री पटली. पण घरोघर झडती सुरू केली असती तर बातमी आमच्या आधी पोहोचली असती, आणि याचा कोणी साथीदार असलाच तर त्याने तिला हलवले असते.

तेवढ्यात तो नट टोपी काढून माझ्याजवळ आला.

"साहेब, सकाळी गावातल्या एक बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांनी माडीवरची खोली शूटिंगवाल्या माणसाला भाड्याने दिलीय. त्याच्याबरोबरची मुलगी रडते, आणि तो जाताना बाहेरून कुलूप लावतो."

"तुम्ही काय केलंत?"

"मी नट आहे म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, मी टाळतोय."

पोलीस काय काय कारणे सांगून तक्रार टाळतात, याचा बाईंना अनुभव असावा.

"मग त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. व्यवस्थापक म्हणाला, शूटिंग संपेपर्यंत भानगडीत पडू नका. तुम्ही आलात, बरं झालं."

बाईंचे घर घाटामागेच होते. माडीवरचे कुलूप तोडले. मुलगी सुखरूप होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबा रागावलेत का?" ऑडिशनच्या नावाखाली दुसऱ्या दिवशी तिला मुंबईला नेणार होते. पुढे काय झाले असते, हे सांगायला पोलिसाची गरज नाही. कोऑर्डिनेटरच्या जबाबातली एक गोष्ट तेवढी खरी निघाली: ती खिडकीजवळ बसली होती. खिडकीला गज होते.

त्याला अटक करून मी घाटावरच खुर्ची टाकून बाईंचा जबाब घ्यायला बसलो. त्या म्हणाल्या, "म्या समदं त्या सायबास्नी सांगितलंय."

"बाई, ते पोलीस नाहीत."

"कळलं आता. पर मागं येकदा खऱ्या ठाण्यात मला वऱ्हांड्यात बसवलं व्हतं, दुपारपातूर. कुणी इचारलं न्हाई. ह्येनी खुर्ची दिली."

मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली आणि जबाब उभ्यानेच लिहिला.

संध्याकाळी वडिलांनी मुलीला जवळ घेतले. रागावायचे त्यांच्या लक्षातच राहिले नाही.

या तपासाचे कौतुक झाले, वर्तमानपत्रांत माझा फोटो आला. खरे तर गुन्हा उघडकीस आला तो खबऱ्यांमुळे नाही की माझ्या चौकशीमुळे नाही. एका माणसाने एका बाईचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले म्हणून आला. वर्दी त्याने भाड्याने आणली होती, ऐकणे स्वतःचे होते.

पुण्यात परतल्यावर मी वऱ्हांड्यातला बाक हलवला आणि माझ्या टेबलासमोर तक्रारदारांसाठी खुर्च्या मांडल्या. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्यांच्याकडे पाहून विचारले, "हे कोणत्या ठाण्यात पाहिलंत?"

"घाटावरच्या, सर," मी म्हणालो. "आता ते मोडलं असेल."