टहरौलीला झाडं लावायची आहेत!

आमच्या घरात माणसं चार आहेत. झाडू किती आहेत, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

कपाटामागे झाडू, पलंगाखाली झाडू, जिन्याच्या वळणावर झाडू. नवीन माणूस घरी आला की विचारतोच, "वहिनी, धंदा काढलाय का?" मी म्हणते, "समाजसेवा!" आणि चहा टाकायला आत पळते.

याला कारण आमचं मराठी मंडळ. झाशीत आम्ही मराठी माणसं ती किती! त्यांतली निम्मी आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, निम्मी नोकरीच्या निमित्तानं आलेली. महिन्यातून एक सेवा आणि एक सहल, असा मंडळाचा नेम. मी मंडळाची चिटणीस. आणि अध्यक्ष भागवतकाका, म्हणजे निवृत्त इंजिनीयर. (निवृत्त झाले ते नोकरीतून. सूचना देण्यातून नाही!)

तर बैठकीत काका म्हणाले, "चिटणीसबाई, यापुढे नोटीस हिंदीत काढा. तरुण मंडळींना मराठी कळत नाही."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे? मंडळ मराठी आणि नोटीस हिंदीत? मग मंडळ कशाला, मोहल्ला समिती काढा!"

"अहो, पण कळायला नको का?"

"कळेल! येत्या रविवारचा कार्यक्रम फक्त मराठी नोटिशीवर पार पाडून दाखवते. फसला, तर नोटीस हिंदीत आणि चिटणीसपदही सोडते!"

घरी येताना हे म्हणाले, "पद सोडायचं बोलायची काय गरज होती?" यांना काय कळतंय! एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

रात्री ग्रुपवर नोटीस टाकली. 'रविवारी सकाळी टहरौलीजवळच्या शाळेत झाडं लावायची आहेत. खड्डे तयार आहेत. येताना बरुआसागरच्या तळ्यावर सहल. डबे आणावेत.' वाचून माझं मलाच कौतुक वाटलं. इतकं सरळ मराठी कुणाला कळणार नाही?

आता शिवानीबद्दल सांगायला हवं. शिवानी आमची सून. माहेर इथलंच, घरात बुंदेली आणि हिंदी. पण पोरगी मोठी जिद्दीची. लग्न झाल्यापासून मराठी शिकायचा ध्यास घेतलेला. मीही तिला नियमच घालून दिला होता. मराठीत विचारशील तर उत्तर मिळेल, हिंदीत विचारशील तर नाही. ती हिंदीत सुरू झाली की मी ओठांवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "मराठीत!"

नोटीस गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मी दशम्यांचं पीठ मळत होते.

"मम्मी जी, वो जो लगानी हैं, वो मैं..."

मी पिठाचं बोट ओठांवर ठेवलं. "मराठीत!"

बिचारी थांबली, मनातल्या मनात जुळवाजुळव केली आणि म्हणाली, "आई, ती लावायची आहेत ना, ती मी आणते. माझ्या मामाजींच्या ओळखीचं दुकान आहे."

माझा ऊर भरून आला. "आण गं बाई! भरपूर आण."

"मोठी आणू की छोटी?"

"मोठीच आण. लहान टिकत नाहीत, पोरं मोडून टाकतात."

"कडक की नरम?"

"कडक! नरम असली की लगेच मान टाकतात."

"आणि रंग?"

मी हसले. "अगं, हिरवाच की! आणखी कुठला असतो?"

ती खूश, मी खूश. अख्ख्या संभाषणात हिंदीचा एक शब्द नाही! मी यांना हाक मारून सांगितलं, "बघा, याला म्हणतात शिकवणं."

रविवारी पहाटे बस दाराशी आली. टपावर ताडपत्रीखाली मोठाले गठ्ठे करकचून बांधलेले. भागवतकाका चष्मा सावरत म्हणाले, "चिटणीसबाई, झाडं अशी आडवी घातलीत? गुदमरतील की!"

"काका, सगळं व्यवस्थित आहे," मी ऐटीत म्हणाले. (वर चढून बघायला मला कुणी अडवलं होतं का? नाही. पण चिटणीस टपावर चढते का?)

बसमध्ये एक गोष्ट खटकली. तरुण मुली-सुनांनी डोक्याला फडकी बांधली होती आणि एकीनं फिनेलची बाटली घेतली होती. मला वाटलं, हल्लीची फॅशन असेल.

शाळेत पोचलो तर काय थाट! पोरं रांगेत उभी, हातात पाण्यानं भरलेले लोटे. मैदानभर खड्डे. हेडमास्तर हार घेऊन सज्ज. गावातली म्हातारी मंडळी कडुनिंबाखाली बसलेली.

"खोला!" मी हुकूम सोडला.

ताडपत्री सरकली, दोर सुटला आणि धडाधड झाडू खाली आले! झाडूच झाडू! चांगले लांब, कडक, आणि प्रत्येकाला हिरवीगार मूठ!

एक पोरगा लोटा घेऊन पुढे आला आणि खड्ड्याकडे बघू लागला.

कडुनिंबाखालून एका आजोबांनी विचारलं, "काय बाई साब, जे गड्ढे काय खों खुदवाए ते?" (म्हणजे, हे खड्डे मग खणायला लावले कशाला?)

आणि भागवतकाका! इतक्या वर्षांत या माणसानं कधी विनोद केला नाही. त्या दिवशीच सुचला. "चिटणीसबाई, याला फळं कधी धरतात?"

मी शिवानीकडे वळले. "अगं, हे काय आणलंस?"

"हिरवी आणली, आई. तुम्ही सांगितलं तशी," ती घाबरून म्हणाली. "झाडं लावायची, मतलब झाड़ू लगानी, है ना? मराठीत सगळ्यावर टिंब येतं ना? आणि खड्डे मला वाटलं कचऱ्यासाठी!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या जुन्या वळणाच्या घरात आम्ही झाडूला झाडू म्हणतच नाही. म्हणतो केरसुणी! मग झाडूला मराठीतही झाडूच म्हणतात, हे पोरीला कळावं कसं? ती बाजारात गेली, मामाच्या ओळखीनं माणिक चौकातून घाऊक झाडू उचलले, वर सगळ्या सुनांना फोन करून अर्थही समजावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू! तिनं विचारलं तेव्हा तोंडावर बोट कुणी ठेवलं होतं? मीच ना!

काका घड्याळ बघत म्हणाले, "मग? परतायचं? नोटीस उद्यापासून हिंदीत."

"कुणी परतणार नाही!" मी पदर खोचला. "झाड लावल्याशिवाय मी टहरौली सोडायची नाही. मग इथं मुक्काम पडला तरी चालेल!" आणि हेडमास्तरांकडे वळून ठोकून दिलं, "मास्टर जी, हमारे यहाँ पहले सफाई होती है, फिर पौधे। परंपरा है!"

"बहुत अच्छी परंपरा है," मास्तर म्हणाले. बिचारे सज्जन.

मी पहिला झाडू उचलला. मग काय, सगळे सुटले! वर्ग झाडले, व्हरांडा झाडला, मैदान झाडलं. धूळ अशी उडाली की माणूस माणसाला दिसेना. त्या धुरळ्यात भागवतकाका सूचना देत मागे मागे सरकले आणि एक पाय खड्ड्यात! लोटेवाल्या पोरानं क्षणाचाही विलंब न लावता खड्ड्यात पाणी ओतलं.

तेवढ्यात फटफट ऐकू आली. फाटकातून ट्रॅक्टर आत शिरला. मागच्या ट्रॉलीत कडुनिंब, जांभूळ, लिंबाची रोपं, आणि पुढे शिवानीचे मामा! आम्ही झाडत होतो तेव्हा डोळे पुसत तिनं मामांना फोन लावला होता. ते टहरौलीचेच, घरची शेती. असेल नसेल ते रोप उचलून आले होते.

सगळे खड्डे भरले. (काकांचा पाय काढून, मग!) डबे शाळेतच पोरांबरोबर संपले. बरुआसागरचं तळं आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं, तीच सहल. उरलेले झाडू पुन्हा टपावर चढले, कारण मास्तर म्हणाले, "इतने में तो ज़िला साफ़ हो जाए।"

बसमध्ये काका उभे राहिले. एक पाय चिखलानं माखलेला. "तर ठरल्याप्रमाणे नोटीस..."

"मराठीतच पाहिजे!" शिवानी ताडकन उठली. "काका, हिंदीत असती तर आम्ही फक्त झाडं लावली असती. आज झाडं पण लावली, झाडू पण लावला! आणि 'झाड' मी आता मरेपर्यंत विसरणार नाही."

मागच्या सीटांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या सुना ओरडायला लागल्या, "मराठीत! मराठीत!" काका खाली बसले. नोटीस मराठीत राहिली, आणि माझं पदही!

मला भरून आलं. मी धावत जाऊन पोरीला मिठी मारली. "शाबाश बेटा! आज तो तूने मेरी इज़्ज़त बचा ली!"

शिवानीनं हळूच ओठांवर बोट ठेवलं. "आई, मराठीत!"

अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. आणि देवाशपथ सांगते, इज्जतला मराठीत काय म्हणतात, ते मला काही केल्या आठवेना!

"अब्रू," हे पुढच्या सीटवरून म्हणाले. "शब्द मी सांगितला. अब्रू मात्र आता सापडायची नाही!"