निबंधातली डॉक्टर आत्या

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींत ओळख करून द्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी नाव, मग पुण्याचे की मुंबईचे, मग कंपनी. शुभाच्या बाबतीत मात्र लोकांची गाडी कंपनीपाशी येऊन अडायची. "या शुभाताई, त्या... हेल्थकेअरमध्ये आहेत," असं कोणीतरी सावरून घ्यायचं. त्यावर शुभा हातातली प्लेट खाली ठेवून शांतपणे सांगायची, "मी नर्स आहे. आल्टनहाइममध्ये. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, औषधं देते, जखमा बांधते." आंघोळ हा शब्द ती मुद्दाम सगळ्यात आधी घ्यायची. समोरच्याचा चेहरा बघायला तिला मजा यायची, हेही खरं.

ही मजा तिला फुकट मिळाली नव्हती. कऱ्हाडला ती होमिओपॅथीची डॉक्टर होती. एसटी स्टँडमागे दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर तिच्या नावाची पाटी, संध्याकाळी बाकावर दहाबारा पेशंट. लग्नानंतर सुधीरच्या नोकरीमुळे जर्मनीत आली आणि इथल्या कचेरीने तिच्या पदवीकडे बघून नम्रपणे सांगितलं की ही पदवी इथे डॉक्टरकीसाठी चालत नाही. दोन वर्षं तिने घरात पोळ्या लाटल्या आणि भिंतींशी भांडण केलं. मग चौतिसाव्या वर्षी, अठरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या शेजारी बसून तिने तीन वर्षांची आउसबिल्डुंग केली, म्हणजे नर्सिंगचं रीतसर शिक्षण. सुधीर तेवढा पाठीशी राहिला. बाकी सासरी-माहेरी सुतकी शांतता. कऱ्हाडला तिच्या आईने तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना शेवटपर्यंत एकच सांगितलं, आमची शुभा जर्मनीत डॉक्टर आहे. आई गेल्यावर ती थापही गेली असेल, असं शुभा धरून चालली होती.

थाप गेली नव्हती. ती अमेरिकेला गेली होती.

तिचा धाकटा भाऊ शिरीष ओहायोत पंचवीस वर्षं आहे. त्याची मुलगी क्षितिजा तेवीस वर्षांची. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांनी तिला लागोपाठ दोन वर्षं नकार कळवला होता. मग शिरीषने एक भलीमोठी यादी केली. पोलंड, हंगेरी, रोमानिया, कॅरिबियन बेटं. प्रत्येक कॉलेजापुढे रकाने होते: पदवीला मान्यता आहे का, परत येऊन अमेरिकेची परीक्षा देता येते का, पुढे तिथल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी मिळते का. सगळ्यात पहिला रकाना मात्र एकच, इंग्रजीतून शिकवतात का. कऱ्हाडच्या नगरपालिकेच्या शाळेत मराठी माध्यमात शिकलेल्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजी लेक्चरला घामाघूम झालेल्या शिरीषचा देवावर नसेल एवढा विश्वास इंग्लिश मीडियमवर होता. यादीत वरचा नंबर लागला जर्मनीत कोलोनच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजचा. शिक्षण पूर्ण इंग्रजीत, आणि शिवाय ताई तिथेच. एर्लांगेनहून कोलोनला जायला चार तास लागतात, पण ओहायोहून बघितलं की ते एकाच गल्लीत दिसतं.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी क्षितिजा आत्याकडे येऊन राहिली. उंच, बोलकी, अर्ध्या वाक्यात मराठी सोडून इंग्रजीत शिरणारी पोरगी. लहानपणी दोनदाच भेटलेली आत्या तिला आवडून गेली. आत्या पहाटे सायकलवरून कामाला जाते आणि दुपारी परत येते, एवढंच तिला दिसलं. तिसऱ्या दिवशी शुभा चष्मा घरी विसरली म्हणून क्षितिजा तो द्यायला गेली. पत्ता हॉस्पिटलचा असेल असं तिला वाटलं होतं. पोचली ती वृद्धाश्रमात, आत्याच्या आल्टनहाइममध्ये.

लांबलचक कॉरिडॉरमध्ये चाकाच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. त्यांनी क्षितिजाचं मनगट घट्ट धरलं आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. क्षितिजा हसली, इंग्रजीत सॉरी म्हणाली, पुन्हा हसली. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात निळ्या ढगळ सदऱ्यातली, हातात मोजे चढवलेली शुभा समोरच्या खोलीतून बाहेर आली, खाली बसली, आजींचं ऐकलं आणि सरळ त्यांचा उजवा पायमोजा काढला. टाच लालभडक झाली होती. अजून एखाद दिवस दुर्लक्ष झालं असतं तर कातडी फाटली असती.

"काय म्हणत होत्या त्या?" क्षितिजाने विचारलं.

"टाच भाजतेय म्हणत होत्या. सकाळपासून मी वरच्या मजल्यावर होते ना, इथे थांबून ऐकायला कोणाला वेळ झाला नाही. चष्मा दे."

क्षितिजाने चष्मा दिला. ती तशीच उभी राहून आत्याच्या सदऱ्यावरची नावाची पट्टी वाचत राहिली. त्यावर डॉक्टर नव्हतं.

त्या दुपारी जेवताना तिने लॅपटॉप आत्यापुढे सरकवला. "आत्या, प्लीज रागावू नकोस. हा माझा एसे. ॲप्लिकेशनबरोबर पाठवलेला. दोन महिन्यांपूर्वीच."

शुभाने वाचलं. पहिलाच परिच्छेद तिच्यावर होता. माझी आत्या जर्मनीत फिजिशियन आहे, परक्या देशात, परक्या भाषेत तिने स्वतःची प्रॅक्टिस उभी केली, तिच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. मजकूर फार छान होता. वाचता वाचता शुभाचे कान तापले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. म्हणजे, नेहमीच. आमच्याकडे सगळ्यांना हेच माहितीये."

शुभाने तिथल्या तिथे ओहायोला फोन लावला. शिरीष कामाच्या गडबडीत होता, पण ताईचा आवाज ऐकून बाजूला आला.

"ताई, अगं आई सांगायची, मीही सांगत गेलो. आता सुरुवातीला बोलून गेल्यावर मागे कसं फिरायचं?"

"नर्स म्हणायला तुझी जीभ झडते का रे?"

"तसं नाही गं. इथे लोक विचारतात... हे बघ, ते आपण नंतर भांडू. आता एक दिवसाचा प्रश्न आहे. मुलाखतीला तू बरोबर जाशील, तिथे तुला कोणी विचारलं तर नुसतं हसायचं. बाकी काही बोलू नकोस. खोटंही बोलायला नको. पोरीची ही तिसरी वेळ आहे ताई."

शुभाला सणसणीत उत्तर द्यायचं होतं. वीस वर्षं तिने या बाबतीत कोणापुढे मान वाकवली नव्हती, सासूबाईंपुढेसुद्धा नाही. पण समोर क्षितिजा आमटीभात चिवडत बसली होती. तिच्या हाताची नखं कुरतडून कुरतडून मुळापर्यंत गेली होती.

"बघते," शुभा म्हणाली आणि फोन ठेवला. स्वतःच्या तोंडून हा शब्द ऐकून तिला स्वतःचीच चीड आली.

सुधीरने संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग, हसणार का तू?"

"हसेन हो. त्या पोरीने काय पाप केलंय?"

"तिने नाही केलं," सुधीर म्हणाला आणि पेपर उघडून बसला. शुभाला त्याचा राग आला, कारण तो बरोबर बोलला होता.

कोलोनच्या गाडीत शुभाने कपाटातलं चांगलं जॅकेट घातलं होतं. क्षितिजा खिडकीशी बसली होती. फ्रँकफर्ट गेल्यावर तिने एकदम विचारलं, "आत्या, तुला जर्मन कोणी शिकवलं?"

"क्लासने व्याकरण शिकवलं. बोलायला पेशंटांनी. एकाने तर मला इथल्या बोलीतल्या सगळ्या शिव्या शिकवल्या, मग मी परीक्षेत पास झाले."

"पण त्या कॉलेजात तर सगळं इंग्रजीत आहे. जर्मन ऑप्शनल लिहिलंय."

"लेक्चर इंग्रजीत असेल गं. माणूस इंग्रजीत आजारी पडत नाही." शुभाने एवढं बोलून ओठ मिटले. आज उपदेश करायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं.

कॉलेजात काचेच्या खोलीत दोघं बसली होती. एक पांढऱ्या केसांच्या प्रोफेसरबाई आणि एक प्रवेशाचं काम बघणारा तरुण. घरच्या माणसालाही आत बोलावण्याची तिथे रीत होती. सगळं सुरळीत चाललं. क्षितिजाने प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल नीट सांगितलं, दोन वर्षांच्या नकारांबद्दल सरळ सांगितलं. मग प्रोफेसरबाईंनी निबंध पुढे ओढला, शुभाकडे बघितलं आणि आपुलकीने जर्मनमध्ये म्हणाल्या, "आणि तुम्ही, फ्राउ कोलेगिन? कोणत्या विभागात असता?"

फ्राउ कोलेगिन. डॉक्टर डॉक्टरला म्हणते ते संबोधन. वीस वर्षांत शुभाला हे कोणी म्हटलं नव्हतं. आता फक्त हसायचं होतं. ती हसली. आणि हसतानाच तिला कऱ्हाडच्या दवाखान्याची पाटी आठवली, आईचा फुललेला चेहरा आठवला आणि तोंडात कडू चव आली.

"एक मिनिट," क्षितिजा म्हणाली. तिला जर्मन कळत नव्हतं, पण कोलेगिन कळलं होतं आणि आत्याचं हसूही कळलं होतं. ती इंग्रजीत, न अडखळता बोलली, "तो परिच्छेद खरा नाही. लिहिताना मला तो खरा वाटत होता, पण मंगळवारपासून मला माहीत आहे आणि मी तुम्हाला कळवलं नाही. माझी आत्या डॉक्टर नाही. ती नर्स आहे. मी तिला काम करताना पाहिलंय. मला तो परिच्छेद काढायचा आहे."

तरुणाने काहीतरी टिपून घेतलं.

शुभाने जॅकेटचं बटण काढलं, ताठ बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मी नर्स आहे. आल्टनहाइममध्ये. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, औषधं देते, जखमा बांधते. आणि मघाशी हसले, ते चुकलं."

"अजून एक विचारायचंय," क्षितिजा पुढे म्हणाली. "तुमच्याकडे जर्मन ऐच्छिक आहे. मग वॉर्डात पेशंटशी कोण बोलतं?"

प्रोफेसरबाईंनी चष्मा काढला. "कोणीतरी भाषांतर करून देतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "हा प्रश्न इथे या खुर्चीतून मला पहिल्यांदाच विचारला गेलाय."

दहा दिवसांनी पत्र आलं. यंदा जागा देता येत नाही. कारण लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती.

शिरीषने फोनवर आकाशपाताळ एक केलं. एक साधं हसू जमलं नाही का, म्हणाला. यादीतल्या हंगेरीच्या कॉलेजात अजून जागा आहे, आजच फॉर्म भर, म्हणाला. क्षितिजाने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, मी हंगेरीला जात नाहीये. कॅरिबियनलाही नाही. मी एक वर्ष इथे राहतेय. आत्याच्या आल्टनहाइममध्ये फ्रायविलिगनडीन्स्ट करणार, म्हणजे स्वयंसेवक म्हणून काम. जर्मन शिकणार. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात, त्याच बाईंसमोर बसणार."

"अमेरिकेतून म्हाताऱ्यांच्या आंघोळी घालायला गेलीस? आणि परत नाही म्हणाले तर? मी लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा. ट्राय करून बघा, बाबा. सुरुवातीला जड जातं."

शुभा ओट्याशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही, कारण तिला रडू येत होतं आणि ते तिला भावाला ऐकवायचं नव्हतं.

पहिले दोन महिने क्षितिजाची कंबर मोडली. एकदा एका आजोबांनी तिच्या अंगावर सूप उडवलं, एकदा ती धुण्याच्या खोलीत बसून ओहायोला जायचं म्हणून रडली. शुभाने तिला जवळ घेतलं नाही, कोरडा सदरा दिला. नाताळापर्यंत टाच भाजणाऱ्या आजी तिच्याशिवाय कोणाकडून पायमोजे घालून घेईनात. नवा निबंध तिने वसंतात लिहिला. पहिलं वाक्य होतं, माझी आत्या नर्स आहे. दुसऱ्या खेपेच्या मुलाखतीत प्रोफेसरबाईंनी अर्धे प्रश्न जर्मनमध्ये विचारले आणि क्षितिजाने त्यांना थेट एर्लांगेनच्या म्हाताऱ्यांच्या बोलीत उत्तरं दिली. बाई हसल्या म्हणे. जूनमध्ये जागा मिळाली.

लेकीला कोलोनला पोचवायला शिरीष आला तो गणपतीत. सकाळी तो भीतभीत आल्टनहाइममध्ये गेला आणि दारातच थांबून त्याने दोघींना एका आजोबांना उचलून खुर्चीत बसवताना पाहिलं. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसाद झाला, आणि पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं ओळख करून घ्यायला पुढे आलं.

"या शुभाताई," मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "त्या... हेल्थकेअरमध्ये आहेत."

शुभाने सवयीने हातातली प्लेट खाली ठेवली. तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून शिरीषचा घोगरा आवाज आला.

"नर्स आहे ती. माझी मोठी बहीण. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते. माझ्या मुलीलाही तिनेच शिकवलंय."

शुभाने प्लेट परत उचलली आणि मोदक खाल्ला.