ते कंडेन्सर मी जोडले

"चपला बाहेर काढा, आत धूळ चालत नाही," इंजिनिअर म्हणाला. स्वतः मात्र बूट घालून आत गेला. विजेच्या कामाला अनवाणी! तरी मी काढल्या.

नगर रस्त्यावरची काचेची नवी कॉम्प्युटर कंपनी. त्यांच्या यूपीएसचे दोन कंडेन्सर गेलेले. मशीन बनवणाऱ्या कंपनीची माणसं चार दिवसांनी येणार, म्हणून कसब्यातल्या माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात निरोप आला.

जुने दोन्ही सिरीजमध्ये होते, एकापुढे एक. प्रत्येकाची ताकद चारशे व्होल्टची, लाइन सहाशेची. सिरीजमध्ये भार वाटला जातो, तीनशे-तीनशे. नवे तसेच जोडायला घेतले, तर इंजिनिअर म्हणाला, "पॅरललमध्ये लावा. चार्ज वाढतो, एनर्जी चौपट साठते." कागदावर मांडून दाखवलं. गणित खोटं नव्हतं. पण पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडले, की वाटणी नाही. दोघांवरही पुरते सहाशे.

"साहेब, फुटतील."

"काका, शाळा किती?"

"चौथी."

"मग वाइंडिंग करा. फिजिक्स आमच्याकडे राहू द्या."

आजूबाजूचे हसले. मी मान खाली घातली आणि जोडलं. माहीत असून.

बटण दाबलं. लागोपाठ दोन बार. पांढरा धूर. कंडेन्सरमधला गरम रस माझ्या मनगटावर उडाला.

मग खुर्ची आली. चहा आला. तोवर कोणी पाणी विचारलं नव्हतं. मनात पाल चुकचुकली. चहामागोमाग कागद आला, इंग्रजीत टाइप केलेला.

"फॉर्मॅलिटी आहे हो काका. सही करा."

मी फोनवर बसणाऱ्या बाईंकडे कागद नेला. "बाई, मराठीत सांगा, काय लिहिलंय?"

त्यांनी आधी साहेबाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कारागिराने स्वतःच्या मर्जीने जोडणी बदलली, असं आहे."

पेन मागून घेतलं. खाली लिहिलं : साहेबांनी सांगितलं म्हणून पॅरलल केलं. फुटणार हे मला माहीत होतं. तरी मी जोडलं. त्याखाली सही केली.

"हे कशाला लिहिलंत?" साहेब ओरडला.

"तुमचं तुम्ही लिहिलंत. माझं मी."

त्या कंपनीचं बोलावणं पुन्हा आलं नाही. आजही कोणी फार गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो, कागद आहे का. पण त्याचं खोटं त्याच्यापाशी. वायर माझ्या हाताने आवळली होती, हे मला विसरायचं नाही. यापुढे चूक दिसली, की समोर कितीही शिकलेला उभा असो, पक्कड खाली ठेवणार. दुकानाला कुलूप लागलं तरी.